देवीपुढची खडीसाखर

आमच्या बाबांना लग्नाचा वाढदिवस कधी आठवला नाही, मी कितवीत आहे हे त्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागे, आणि गाडीची किल्ली शोधण्यात त्यांच्या आयुष्यातला बराच काळ गेला असावा. नवरात्राचा उपवास मात्र ते कधी विसरले नाहीत. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी ते पोटभर जेवत, शेवटी पोळीचा एक तुकडा तुपात बुडवून खात, हात धुऊन येत आणि म्हणत, "झालं, आता दसऱ्याला." तिथून पुढे कतारमधल्या अल रय्यानच्या आमच्या फ्लॅटमध्ये गहू, तांदूळ आणि डाळींना त्यांच्यापुरती रजा मिळे. हा उपवास त्यांच्याकडे आजोबांच्या माघारी आला होता. आमची कुलदेवता वणीची. आजोबा करत होते म्हणून बाबा करत होते, यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या वयात आईबापांच्या गोष्टी भिंतीवरच्या घड्याळासारख्या असतात. त्या असतातच, कुणी आणल्या हे आपण विचारत नाही.

आमचा घट हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसायचा. माती नर्सरीतून पिशवीत यायची, कारण बाहेर नुसती वाळू आणि खडी. गहू मात्र एसीच्या गारठ्यातही गुमान उगवत आणि शाळेची बस यायच्या आधी मी ते किती वाढले ते वाकून बघत असे. अखंड दिव्याची जबाबदारी बाबांची. ते गॅस प्लांटवर सेफ्टी इंजिनीअर होते. दिव्याखाली स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये वाळू, शेजारी घडी घातलेलं फायर ब्लँकेट, आणि स्मोक डिटेक्टरपासून दिवा पुरेसा लांब आहे ना ते टेपने मोजलेलं, असा सगळा बंदोबस्त ते स्वतः करत. देवी बिचारी त्या बंदोबस्तात हसत बसलेली असे. आरती आम्ही खिडक्या लावून म्हणायचो. कधीकधी मधेच जवळच्या मशिदीतून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान सुरू व्हायची. बाबा हात वर करत, आम्ही थांबायचो, अजान संपली की पुढचं कडवं सुरू. मी लहानपणी समजायचे की आरती अशीच म्हणतात, मधे थांबून. पुढे पुण्याला मावशीकडे पहिल्यांदा सलग म्हटलेली आरती ऐकली तेव्हा मला दम लागला होता.

बाबांना गोड फार आवडायचं, आणि उपवासात त्या आवडीला धर्माचाच आधार मिळायचा. एरवी आई त्यांच्या चहातल्या साखरेवर डोळा ठेवून असे, कारण त्यांना डायबेटिस होऊन काही वर्षं झाली होती. पण उपवास लागला की "अगं, पोटात काही नाही" हे एक वाक्य पुरायचं. सकाळी मध घातलेलं दूध, मग केळी तुपात परतून, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि तिच्या जोडीला रताळ्याचा गूळ घातलेला कीस, संध्याकाळी दाण्याचे लाडू. आणि दिवसभर खजूर. कतारमध्ये खजुराला तोटा नाही. ऑफिसातून खजुराचे डबे मिळतात, शेजारी देतात, सुकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, गेलं तर दुकानदार चाखायला म्हणून मूठभर हातावर ठेवतो. बाबांची अशी ठाम समजूत होती की पांढरी साखर तेवढी वाईट, बाकी गूळ, मध, खजूर हे सगळं निसर्गाने दिलेलं, त्याने माणसाला अपाय होईलच कसा. एवढा शिकलेला माणूस, प्लांटवर एखादा व्हॉल्व्ह जरा गळला तरी रात्रीची झोप सोडणारा, पण खजुरापुढे त्याची अक्कल गहाण पडायची. मी हे प्रेमाने लिहिते आहे. आज माझेही दात आणि गुडघे दोन्ही बोलू लागलेत, आणि खजूर समोर आला की माझंही तेच होतं.

मी दहावीत होते त्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधी बाबांचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी त्यांना ग्रेसी आंटींकडे पाठवलं. ग्रेसी आंटी क्लिनिकमध्ये डाएटिशियन होत्या, मूळच्या वसईच्या, गळ्यात बारीक क्रॉस, आणि बोलणं थेट. आई-बाबांबरोबर मीही गेले होते, कारण परतताना मला वह्या घ्यायच्या होत्या. आंटींनी रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाबांना विचारलं, "उपास करता?"

बाबांनी जरा बचावात्मक आवाजात हो म्हटलं.

"आहेरसाहेब, मी काय बोलते, राग नका मानू. रमजान येतो तेव्हा आमच्याकडे लोक आधीपासून येतात. डॉक्टर गोळ्यांच्या वेळा बदलून देतात, डोस कमी करतात, आम्ही खाणं लिहून देतो. तुम्ही आपले लोक उपास करता आणि सांगतच नाही. जसं काय चोरी करता."

"आमचा उपवास एवढा कडक नसतो हो," बाबा म्हणाले. "फराळ चालतो ना."

"तीच तर काळजी. ते खात नाहीत म्हणून काळजी, तुम्ही खाता म्हणून काळजी. खजूर किती खाता दिवसाला?"

बाबा छताकडे बघायला लागले. आई म्हणाली, "डब्यांनी मोजा."

"पण खजूर नॅचरल आहे ना, मॅडम?"

"ऊसपण नॅचरलच असतो," आंटी म्हणाल्या.

मला हसू आवरेना. आंटी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना नीट समजावून सांगितलं, आणि ते मला अजून आठवतं, कारण त्यात कुठेही ओरडा नव्हता. गूळ असो, मध असो, खजुराचं सिरप असो, रक्ताच्या हिशेबी ती साखरच. अख्खा खजूर त्यातल्या त्यात बरा, त्यात चोथा असतो, पण दोन खायचे, तेही दाणे किंवा दह्याबरोबर, नुसते रिकाम्या पोटी नाहीत. साबुदाण्यापेक्षा भगर किंवा राजगिरा घ्यावा आणि सोबत काकडी, भोपळा, ताक. चहात साखरेऐवजी गोडाच्या बिनसाखरी गोळ्या चालतील, पण हळूहळू गोडाची सवयच कमी करावी. मग त्या पुढे झुकल्या. "आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. उपासात साखर वर जाते, तशी खालीपण जाते. घाम फुटला, हात थरथरले, विनाकारण राग आला की आधी मशीनवर बघायचं. चारच्या खाली आकडा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सत्तरबित्तर, की उपास खलास. खरी साखर पाण्यात घालून प्यायची. त्या वेळी गोळ्यांचं गोड काही कामाचं नाही. जीभ फसते, रक्त फसत नाही."

मग त्यांनी विचारलं, "ह्यांना थांबवणार कोण?"

आई म्हणाली, "ह्यांना? देवी स्वतः आली तरी हे म्हणतील, थांब, आरती होऊ दे." आणि मग तिला काहीतरी सुचलं. आईचं हे मला नेहमी फार आवडत आलंय की ती भांडताना आवाज चढवत नाही, समोरच्याचंच हत्यार उचलते. ती बाबांना म्हणाली, "तुमच्या प्लांटवर कुणीही काम थांबवू शकतो म्हणता ना? हेल्परसुद्धा?"

बाबा म्हणाले, "हो, कुणीही."

"मग घरातही तेच. तुमचा उपवास मी थांबवू शकते, ही थांबवू शकते. चालेल?"

आता प्लांटवरचा हा नियम म्हणजे बाबांचा जीव की प्राण. धोका दिसला की कुणीही, अगदी काल कामाला लागलेला माणूसही, 'स्टॉप' म्हणू शकतो, आणि समोर कितीही मोठा साहेब असला तरी त्याला थांबावंच लागतं. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पवर जाऊन बाबा हिंदीत हे समजावून सांगायचे, घरी आरशासमोर त्याची तालीम करायचे, ती मी कितीदा ऐकली होती. त्यामुळे त्यांना नाही म्हणताच येईना. त्याच रात्री जेवताना त्यांनी आम्हा दोघींना तो नियम रीतसर सांगितला. "ज्याला थांबवलं त्याने आधी थांबायचं. कारण नंतर विचारायचं. आणि थांबवणाऱ्यावर कुणी चिडायचं नाही. आत्ता नाही, मागाहूनही नाही." मी 'ओके बॉस' म्हणून सॅल्यूट ठोकला. मला वाटलं होतं की हा सगळा आईचा विनोद आहे.

मग खरेदी. हायपरमार्केटमध्ये गोडाच्या भुकटीचा डबा आईने ट्रॉलीत टाकला आणि बाबांनी तो परत काढला. चष्मा लावून ते डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत रांगेच्या मधोमध उभे राहिले. लोक वळसे घालून जात होते. शेवटी ते म्हणाले, "यात भर म्हणून मक्याचं काहीतरी घातलंय. मका म्हणजे धान्य."

"चिमूटभर असतं हो ते."

"चिमूटभर धान्य म्हणजे धान्यच ना मंग."

ग्लुकोजच्या पुड्यांचंही तेच झालं, त्याही मक्याच्याच निघाल्या. अखेर चहासाठी दुधाच्या साखरेत बांधलेल्या गोडाच्या बारीक गोळ्यांची डबी त्यांना पटली. आणि साखर खाली गेली तर लागेल म्हणून ऑफिसच्या पॅन्ट्रीतल्या कागदी साखरपुड्या त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, ऊस चालतो, मका चालत नाही. मी तेव्हा डोळे फिरवले होते. आता वाटतं, जो माणूस कुणी बघत नसताना चिमूटभर मक्यावरून अडतो, त्याच्या हातात मी कुठलाही प्लांट बिनधास्त दिला असता.

आईने त्या वर्षी उपवासाचं स्वयंपाकघर नव्याने मांडलं आणि मला वाटतं, तिचं ते काम बाबांच्या उपवासाइतकंच मोठं होतं. तिने साबुदाणा वरच्या फळीवर ठेवला. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याचं भरीत दह्यात कालवून, काकडीची कोशिंबीर दाण्याचा कूट आणि जिऱ्याची फोडणी देऊन. गोड म्हणून गरम दुधात वेलची, जायफळ आणि एकच खजूर बारीक चिरून, तो असा की प्रत्येक घोटात एक कण यावा. बाबा पहिल्या दिवशी ते दूध पिऊन म्हणाले, "गोड आहे की." आई म्हणाली, "वेलचीने गोडाचा भास होतो." पहाटे मिक्सरमध्ये दाण्याचा कूट होण्याचा आवाज, त्यामागून जिऱ्याचा वास, आणि अंघोळ करून आलेले बाबा मशीनवर बोट टोचून आकडा आईला ओरडून सांगताहेत, अशा आमच्या सकाळी होत्या. आकडे चांगले येत होते. बाबांचा चेहरा उजळला होता. आपण देवीचंही करतोय आणि डॉक्टरचंही, असा एक अभिमान त्यांच्या चालण्यात आला होता.

अष्टमीची आरती दरवर्षी आईबाबांच्या जुन्या स्नेही सुलभाकाकूंकडे असायची, शहराच्या अल थुमामा भागात. विमानतळ जवळ, त्यामुळे आरतीच्या वेळी डोक्यावरून एखादं विमान उतरतंय, हे ठरलेलं. काकूंचा व्हिला मोठा, मन त्याहून मोठं. पन्नासेक माणसं सहज मावत आणि प्रत्येकाला कुठलं लोणचं आवडतं ते काकूंना पाठ असे. आरतीचं तबक धरायचा मान बाबांचा होता, कारण त्यांचा उपवास सगळ्यांत कडक हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांना तो मान मनापासून आवडायचा. आई आणि मी आधी गेलो होतो. बाबा प्लांटवरून परस्पर येणार होते. ते उशिरा आले. वाटेत अपघात होऊन रस्ता तुंबला होता. आता पोहोचतोच, पोहोचलो की फराळ करू, म्हणून त्यांनी संध्याकाळची गोळी गाडीतच घेऊन टाकली होती, आणि ती तर फराळाला बसतानाच घ्यायची असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आल्यावर त्यांनी बाथरूममध्ये जाऊन शर्ट काढला, रेशमी झब्बा घातला. साखरेच्या पुड्या शर्टाच्या खिशात, शर्ट पिशवीत, पिशवी गाडीत. हे सगळं नंतर जुळवून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की बाबा हसले नाहीत.

"वहिनी, जरा गरगरतंय," ते काकूंना म्हणाले. "सरबत आहे का? साखरेचं?"

"तुमच्यासाठी केलंय की, भावजी. बाकीच्यांना ताक, तुम्हाला हे वेगळं," काकू म्हणाल्या आणि लिंबाच्या सरबताचा ग्लास घेऊन आल्या. बाबांनी तो एका दमात संपवला. दुसरा मागून घेतला. मला हायसं वाटलं. ग्रेसी आंटींनी सांगितलं होतं तसंच चाललं होतं. बाबा सोफ्यावर बसले. पण थोड्या वेळाने त्यांचा झब्बा पाठीला चिकटलेला दिसला, त्या थंडगार हॉलमध्ये. आई आत स्वयंपाकघरात ताटं लावत होती. कुणीतरी झांजा काढल्या, मंडळी उभी राहिली, काकूंनी बाबांच्या हातात तबक दिलं. बाबा निरांजन पेटवायला लागले आणि काडी पेटेना. पेटली तर वातीपर्यंत नेता येईना. मी मदतीला हात पुढे केला तर ते माझ्यावर खेकसले, "सरक म्हणलं ना." बाबा माझ्यावर कधी खेकसत नसत. बाबा कुणावरच खेकसत नसत.

त्यांच्या ग्लासात तळाशी घोटभर सरबत उरलं होतं. मी ते का प्यायले ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण प्यायले. लिंबू गेलं आणि गोड जिभेवर तसंच राहिलं, जरा कडवट, चिवट. बाबांच्या चहाचा घोट चुकून माझ्या तोंडात गेला की असंच व्हायचं. काकूंनी बाबांचा डायबेटिस लक्षात ठेवून, प्रेमाने, त्यांच्यासाठी वेगळं काढलेलं सरबत गोळ्यांच्या गोडाचं केलं होतं. दोन ग्लास पिऊनही बाबांच्या पोटात साखरेचा कण गेलेला नव्हता. आणि बाबा तबक घेऊन उभे होते.

मला दोन भीती वाटत होत्या आणि कुठली मोठी ते मला कळत नव्हतं. एक म्हणजे बाबा आता पडतील. दुसरी, सगळ्यांसमोर मी त्यांचा उपवास मोडला तर ते मला आयुष्यभर माफ करणार नाहीत. मी म्हणाले, "बाबा, स्टॉप."

आवाज फारसा मोठा नव्हता, पण झांजा थांबल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मी ओळखत होते तसे नव्हते, दूर कुठेतरी लागलेले. "आरती होऊ दे," ते म्हणाले.

"स्टॉप," मी पुन्हा म्हणाले.

आणि बाबांनी तबक खाली ठेवलं. इतक्या वर्षांनीही ते मला दिसतं. त्यांना धड उभं राहता येत नव्हतं, डोकं चालत नव्हतं, समोर पन्नास माणसं होती, दरवर्षीचा मान हातात होता. कारण विचारायचंही त्यांच्यात त्राण नव्हतं. पण थांब म्हटल्यावर आधी थांबायचं, हे त्या माणसात इतकं खोल मुरलेलं होतं की हात आपोआप खाली गेले. मग ते गालिच्यावर बसले, म्हणजे बसलेच एकदम.

आई धावत आली. तिच्या पर्समधल्या मशीनवर आकडा आला तो तिने कुणाला सांगितला नाही. "साखर द्या," ती म्हणाली, "खरी साखर, लवकर. फळं, खजूर चढायला वेळ घेतात." काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या आणि काका वर्षभर डाएटवर होते आणि घरात साखर, ज्यूस, काही आणायचं नाही असा त्यांनी नेम केला होता. काकू पुटपुटल्या, "घरात साखर नाही गं." मग त्यांची नजर देवीकडे गेली. देवीपुढे चांदीच्या वाटीत खडीसाखर होती. "नैवेद्याला म्हणून तेवढी आणली. देवीला गोळ्यांचं कसं दाखवायचं?"

मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "अजून आरती व्हायची आहे." मी वाटी उचलली. बाबांना तेवढं कळलं. त्यांनी मान हलवली. "त्यातलं नको," ते म्हणाले. "देवीचं आहे. आधी तिला."

मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले. मी म्हणाले, "आधी थांबायचं, बाबा. कारण नंतर विचारायचं."

त्यांनी तोंड उघडलं. लहान मूल औषधाला उघडतं तसं. मी खडे घातले, ते कडाकडा चावायला लागले. तोवर काकूंनी उरलेली खडीसाखर माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून नेली, मिक्सरमधून काढली, पाण्यात ढवळून आणली आणि स्वतः गुडघ्यावर बसून भावजींना पाजली. त्या रडत होत्या आणि म्हणत होत्या, "मीच केलं, मीच केलं." आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही जपायला गेलात हो." मग आम्ही पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला होता. बाबांच्या चेहऱ्यावर बाबा परत आले. आईने दह्यात कालवलेल्या भगरीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि ते आरतीच्या आधी, सगळ्यांसमोर, गालिच्यावर मांडी घालून जेवले.

मग ते उभे राहिले. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलून विषय झटकतील. बाबांनी चष्मा पुसला आणि प्लांटवर जसे बोलत असतील तसे बोलले. "मंडळी, चूक माझी. गोळी खायच्या वेळी नाही घेतली, आधी घेतली. खिशात साखर ठेवायची ती गाडीत ठेवली. वहिनींनी काही चुकीचं केलं नाही. माझ्या मुलीने मला थांबवलं म्हणून मी उभा आहे. ज्यांना साखर आहे त्यांनी उपवासाच्या आधी डॉक्टरकडे जा, लाजू नका." एवढंच. मग काकूंकडे वळून म्हणाले, "वहिनी, देवीची वाटी रिकामी केली मी."

काकूंनी डोळे पुसत वाटीत दोन खजूर ठेवले. "आज देवी खजूर खाईल," त्या म्हणाल्या. तबक बाबांनी माझ्या हातात दिलं. वरून एक विमान उतरलं आणि आरती सुरू झाली.

परत येताना गाडी आईने चालवली. मी मागे बसले होते. कौतुक वगैरे सगळं लोकांसमोरचं, खरं काय ते आता गाडीत कळेल, असं मला वाटत होतं. बाबा काकूंनी बरोबर दिलेलं केळं सोलत होते. शेवटी माझ्याच्याने राहवेना. "सॉरी बाबा," मी म्हणाले. "तुमचा उपवास मोडला. देवीचंही खाल्लं तुम्ही आधी."

"माझ्या वडलांना साखर होती," बाबा म्हणाले. "अष्टमीच होती. सकाळपासून घामाघूम झालेले. सगळे म्हणत होते, दोन घास खाऊन घ्या. ते म्हणे, आरती होऊ दे. मी तुझ्याएवढाच होतो. दारात उभा होतो, अन् मला दिसत होतं काहीतरी चुकतंय. पण त्यांना अडवायची छाती झाली नाही. आरती झाली, ते खाली बसले. उठलेच नाही मंग."

आईने गाडी बाजूला घेऊन थांबवली. तिलाही हे माहीत नव्हतं.

"लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, देवीपुढे गेला," बाबा म्हणाले. "मी पण सगळ्यांना तेच सांगत आलो." मग ते मागे वळले. "पुढच्या वर्षी मी उपवास धरणारच आहे. तू असशील ना?"

"असेन," मी म्हणाले.

पुढे माझं शिक्षण, नोकरी, संसार, सगळं कतारबाहेर झालं. नवरात्रात मात्र मी बाबांकडे यायचे, त्यांच्या शेवटच्या नवरात्रापर्यंत. थांबवायची वेळ पुन्हा कधी आली नाही. पण फराळाचं ताट पुढ्यात आलं की ते आधी माझ्याकडे बघत, आणि मग घास घेत.